नळ बंद करा, मग बादली उचला: इंटरप्टशिवाय सीरियल पोर्ट वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी ४.७७ मेगाहर्ट्‌झचा पीसी-एक्सटी क्लोन आहे, त्यात ८२५० चिपचं सीरियल कार्ड. टर्बो पास्कलमध्ये तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम पोर्टला सतत 'काही आलंय का?' असं विचारतो, आलेलं पडद्यावर दाखवतो आणि फ्लॉपीवर साठवतो. ३०० बॉडला (सेकंदाला ३०० बिट) नुसतं पडद्यावर दाखवलं तर सगळं ठीक. ९६०० ला मधली मधली अक्षरं गायब, आणि फ्लॉपीवर लिहायला घेतलं की ओळीच्या ओळी गायब. ज्याला विचाराल तो म्हणतो, पोलिंग (म्हणजे असं सतत विचारत राहणं) सोडा, इंटरप्ट (अक्षर आलं की चिपनेच प्रोसेसरला हाक मारणं) वापरा. इंटरप्टशिवाय हे जमतच नाही का, असं तुम्ही विचारता.

जमतं. मी वर्षानुवर्षं तसंच करत आलोय, आणि बऱ्याच कामांसाठी मला पोलिंगच जास्त विश्वासाचं वाटतं. तुमची अक्षरं पोलिंगमुळे हरवत नाहीत. समोरच्या मशीनला न सांगता तुमचा प्रोग्रॅम दुसऱ्या कामाला निघून जातो, म्हणून हरवतात. नळाखाली बादली भरतेय, आणि नळ चालू ठेवूनच तुम्ही ती रिकामी करायला अंगणात जाताय. इंटरप्ट लावले म्हणजे बादलीच्या जागी पिंप आलं. नळ तेव्हाही चालूच असतो.

आधी आकडे मांडू, कारण सगळं त्यांच्यावरच ठरतं. ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं आणि दर अक्षराला साधारण १.०४ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तुमच्या ८०८८ प्रोसेसरचे सुमारे ४९७० क्लॉक (ठोके) होतात. पोर्ट वाचा, पहिला बिट तपासा, नसेल तर परत फिरा, ही फेरी असेंब्लीत ४० क्लॉकच्या आसपास बसते. म्हणजे एक अक्षर येईपर्यंत तुम्ही शंभराहून जास्त वेळा विचारू शकता. टर्बो पास्कलही पोर्ट वाचण्याचं काम थेट मशीन कोडमध्येच उतरवतं, त्यामुळे तिथेही भरपूर सवड आहे. वेग कमी पडतोय ही समजूत इथेच सोडून द्या.

आता ८२५० च्या पोटात काय होतं ते पाहा. एकेक बिट जुळवणारं एक शिफ्ट रजिस्टर, आणि पूर्ण झालेलं अक्षर ठेवायला एकच जागा. अक्षर त्या जागेवर आलं की पुढचं जुळायला लागतं. ते पूर्ण व्हायच्या आत पहिलं उचललं नाही, तर नवं त्याच्या डोक्यावर बसतं आणि पहिलं कायमचं जातं. म्हणजे अक्षर तयार झाल्याक्षणी तुमच्याकडे बरोबर एका अक्षराचा वेळ असतो. ९६०० ला १.०४ मिलिसेकंद.

पडदा एक ओळ वर सरकवायला किती वेळ लागतो? २४ ओळी, प्रत्येकी ८० खाने, असे १९२० वर्ड (दोन-दोन बाइट) हलवायचे. ८०८८ वर ब्लॉक हलवण्याच्या सूचनेला दर वर्डला २५ क्लॉक लागतात. म्हणजे ४८,००० क्लॉक, १० मिलिसेकंद. व्हिडिओ कार्ड प्रोसेसरला थांबवतं तो वेळ यात धरलेला नाही. या १० मिलिसेकंदांत नऊ-दहा अक्षरं येऊन जातात आणि त्यातलं शेवटचं तेवढं तुमच्या हाती लागतं. तुमची फाईल उघडून बघा. माझ्या अंदाजाने प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचीच अक्षरं गेलेली असतील, कारण ओळ संपली की पडदा सरकतो. हरवलेली अक्षरं कुठे हरवली यावरून दुखणं कळतं, म्हणून हे आधी तपासा. ५१२ किंवा १०२४ बाइटांच्या पटीत भोकं पडली असतील तर फ्लॉपी. काहीच मेळ नसेल आणि अक्षरं हरवण्याऐवजी बदलत असतील, तर बॉड किंवा केबल.

फ्लॉपीचा हिशोब तर विचारूच नका. ३६० केची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एकाच फेऱ्याला २०० मिलिसेकंद. बंद मोटर वेगात यायला वेगळा वेळ, हेड हलायला वेगळा, आणि डॉस फॅट (फाईल कुठे आहे याचा तक्ता) लिहायला पुन्हा पहिल्या ट्रॅककडे धावणार. अर्धा सेकंद सहज जातो, आणि अर्ध्या सेकंदात ४८० अक्षरं आलेली असतात. इंटरप्ट लावून २५६ बाइटांचा बफर ठेवला असता तरी तो इथे ओसंडून वाहिला असता. म्हणून इंटरप्ट हा या प्रश्नावरचा पूर्ण उपाय नाही, असं मी ठामपणे म्हणतो. समोरच्याला थांबवता येणं हाच खरा उपाय आहे, आणि ते जमलं की पोलिंग पुरतं.

थांबवायची तार पोर्टवर असतेच. तुमचा आरटीएस ('पाठवा, मी घेतोय' हे सांगणारी तार) समोरच्याच्या सीटीएसला ('पाठवू का' हे बघायची तार) जोडलेला हवा. कॉम १ चा पत्ता हेक्समध्ये ३एफ८. त्यात ४ मिळवले की मोडेम कंट्रोल रजिस्टर (या तारा वर-खाली करायची चिपमधली जागा), आणि त्यातला बिट १ म्हणजे आरटीएस. बिट ० डीटीआर ('मशीन तयार आहे' हे सांगणारी तार), तो चढलेलाच ठेवा. लाइन स्टेटस रजिस्टर ३एफ८ अधिक ५ वर. त्यातला बिट ० म्हणजे 'अक्षर आलंय', बिट १ म्हणजे ओव्हररन (न उचललेल्या अक्षरावर नवं बसलं), बिट ५ म्हणजे 'पाठवायला जागा आहे'.

पुढचा भाग नीट वाचा, बहुतेक जण इथेच चुकतात. आरटीएस खाली केला की समोरचा त्याच क्षणी गप्प होतो, असं धरून लोक लगेच फ्लॉपीकडे वळतात आणि पुन्हा अक्षरं गमावतात. समोरच्याच्या चिपमध्ये एक अक्षर बाहेर पडत असतं, एक त्याच्यामागे उभं असतं. तिकडे १६५५० (८२५० ची पुढची आवृत्ती) असेल आणि सीटीएस बघण्याचं काम ड्रायव्हर करत असेल, तर फिफोतली (चिपमधल्या रांगेतली) १६ अक्षरं येऊनच थांबणार. आजचा लॅपटॉप यूएसबी अडॅप्टरने जोडला असेल आणि अडॅप्टरची चिप स्वतः सीटीएस पाळत नसेल, तर आणखी जास्त. नळ बंद केल्यावर पाइपातलं पाणी येतच राहतं. तेही बादलीतच पडू द्यायचं.

म्हणून क्रम असा ठेवा. आरटीएस खाली करा, पण पोलिंग थांबवू नका. येतील ती अक्षरं उचलत राहा. प्रत्येक अक्षरानंतर एक मोजणी शून्यापासून सुरू करा, आणि साधारण २० अक्षरांच्या वेळाएवढी सलग शांतता मिळाली की मगच कामाला जा. ९६०० ला ही शांतता २० मिलिसेकंदांची. काम झालं की आरटीएस वर. आणि बफर काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. मी शेवटची २५६ बाइट जागा या मागाहून येणाऱ्यांसाठी राखून ठेवतो. ६४० के मेमरीत तेवढं परवडतं.

ही शांतता फुकट मिळत नाही. प्रत्येक अक्षरामागे आरटीएस खाली-वर केलात तर वेग मातीमोल होईल. तुमचं मुख्य चक्र, म्हणजे कीबोर्ड बघणं, अक्षर बफरात टाकणं, एखादं अक्षर पडद्यावर उमटवणं, एका अक्षराच्या वेळात बसत असेल तर आरटीएस वरच ठेवून खुशाल फिरत राहा. लांबचं काम आलं तरच खाली करा. चक्र मुळातच त्याहून लांब असेल तर उलटं करा: आरटीएस एरवी खाली, आणि फक्त वाचायला याल तेव्हा ठरावीक वेळ वर. त्याने प्रतिसाद मंदावतो, पण एकही अक्षर जात नाही.

पडदा सरकवण्यासाठी मात्र आरटीएसला हात लावायची गरज नाही. ते काम तुकड्यांत करा. एक ओळ, म्हणजे ८० वर्ड, हलवायला २००० क्लॉक लागतात, ०.४२ मिलिसेकंद. एक ओळ हलवा, पोर्ट बघा, अक्षर असेल तर बफरात टाका, पुढची ओळ हलवा. १.०४ मिलिसेकंदांच्या मुदतीत हे आरामात बसतं. बायोसला (मशीनमध्ये कायम बसवलेल्या प्रोग्रॅमला) सांगून पडदा सरकवलात तर मधे डोकावता येत नाही, म्हणून हे स्वतःच लिहावं लागेल. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे आणि प्रोग्रॅमचा कायापालट होतो. १९२०० ला हेच गणित काठावर येतं, तिथे अर्धी-अर्धी ओळ हलवा.

दुसरी एक जागा सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही काही पाठवता तेव्हा 'जागा झाली का' म्हणून बिट ५ ची वाट बघत बसता. त्याच वेळात समोरून अक्षर येऊ शकतं, विशेषतः समोरचा प्रत्येक अक्षर परत पाठवत असेल तर. पाठवण्याच्या त्या फेरीतही बिट ० बघा आणि आलेलं बफरात टाका. शिवाय लाइन स्टेटस रजिस्टर वाचलं की त्यातले चुकांचे बिट, ओव्हररन, पॅरिटी, फ्रेमिंग आणि ब्रेक, पुसले जातात. पाठवताना रजिस्टर वाचलंत आणि फक्त बिट ५ बघून सोडून दिलंत, तर त्याच वाचनात ओव्हररनची खूणही गेली. अक्षर हरवलं आणि हरवल्याचा पुरावाही. म्हणून हे रजिस्टर वाचणारं फंक्शन प्रोग्रॅममध्ये एकच ठेवा. वाचलेले चुकांचे बिट ते एका व्हेरिएबलमध्ये जमा करत जाईल, आणि बाकी सगळे त्यालाच विचारतील.

ओव्हररनच्या या बिटाबद्दल मी इतका आग्रही का, ते सांगतो. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी (आकड्यांच्या प्रोग्रॅमवर आपोआप चालणाऱ्या) लेथच्या मेमरीतले प्रोग्रॅम काढून ठेवायचे होते. बॅटरी केव्हाही जाईल अशी अवस्था, आणि प्रोग्रॅमची दुसरी प्रत कुठेच नाही. मी असाच एक एक्सटी क्लोन घेऊन गेलो. ४८०० बॉड, ७ बिट, ईव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट. प्रोग्रॅम उतरला, पॅरिटीची एकही चूक नाही, मी समाधानी. सवय म्हणून दुसऱ्यांदा उतरवला आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, तर एका ठिकाणी एक्स ४२.५ होतं आणि दुसऱ्या प्रतीत तिथेच एक्स ४.५. मधला एक आकडा गेला होता. ती प्रत परत मशीनमध्ये चढवून कुणी लेथ चालवला असता तर टूल थेट जॉबमध्ये किंवा चकमध्ये घुसलं असतं, आणि समोर माणूस उभा असतो. पॅरिटीने मला सावध केलं नाही, कारण पॅरिटी आलेल्या अक्षराची तपासणी करते. जे आलंच नाही त्याबद्दल ती काही सांगू शकत नाही. ते फक्त ओव्हररनचा बिट सांगतो, आणि माझा प्रोग्रॅम तो बघतच नव्हता. मी दोष माझ्याच प्रोग्रॅमला दिला आणि त्या रात्री तो नव्याने लिहिला. तेव्हापासून ओव्हररन दिसला की माझा प्रोग्रॅम फाईल टाकून देतो आणि ठळकपणे तसं सांगतो. अर्धवट प्रत जवळ ठेवायची नाही.

त्या लेथवर आरटीएसची तार नव्हतीच. तिथे एक्सऑफ आणि एक्सऑन ('थांब' आणि 'चालू कर' सांगणारी अक्षरं) वापरावे लागले, हेक्समध्ये १३ आणि ११. त्यात एक अक्षर पाठवण्याचा वेळ आणि समोरच्याने ते वाचून थांबण्याचा वेळ जास्तीचा जातो, म्हणून शांततेची वाट जास्त पाहावी लागते. आणि डेटा बायनरी असेल तर हा मार्ग बंद, कारण ११ आणि १३ डेटातही येतात.

केबलबद्दल. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच नल मोडेम (दोन संगणक थेट जोडणाऱ्या) केबलींत तीनच तारा आरपार असतात, आणि आरटीएस-सीटीएस त्याच टोकाला एकमेकांना जोडून टाकलेले असतात. अशा केबलीवर तुम्ही आरटीएस कितीही खाली करा, तुमचं म्हणणं समोर पोचतच नाही. नऊ पिनी कनेक्टरवर एका टोकाची पिन ७ दुसऱ्या टोकाच्या पिन ८ ला आणि उलट, २ आणि ३ एकमेकांना, ५ ला ५, आणि ४ समोरच्या ६ व १ ला. मल्टिमीटर घेऊन तपासा. मग मशीन चालू करून पिन ५ च्या तुलनेत पिन ७ मोजा. आरटीएस वर असताना अधिक, खाली असताना उणे व्होल्टेज यायला हवं. जुन्या १४८८ ड्रायव्हरच्या कार्डावर हे आकडे दहा-बाराच्या घरात असतात. लॅपटॉपच्या बाजूला हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू करायला विसरू नका. तिकडे ते बंद असेल तर तुमच्या तारेकडे कुणी बघणारच नाही.

बायोसच्या इंटरप्ट १४ (हेक्स) वर, किंवा डॉसच्या कॉम १ नावावर, अवलंबून राहू नका. डॉसही शेवटी बायोसलाच विचारतं आणि मधे बफर कुठेच नाही. शिवाय मूळ आयबीएम बायोस पाठवताना डीटीआर आणि आरटीएस दोन्ही वर करतो, पण अक्षर घेताना मोडेम कंट्रोल रजिस्टरमध्ये फक्त डीटीआरचा बिट लिहितो. म्हणजे तुम्ही आरटीएस नीट सांभाळताय आणि बायोस तो तुमच्या नकळत खाली ओढतोय. सुरुवातीला बॉड ठरवण्यासाठीही तो ९६०० च्या वर जात नाही. डिव्हायझर (चिपचा बॉड ठरवणारा भाजक) स्वतःच लिहा: ११५२०० ला बॉडने भागा, ९६०० साठी १२.

वेग फार वाढवायचा असेल तर गोष्ट बदलते. ११५२०० ला दर अक्षराला ८६.८ मायक्रोसेकंद, म्हणजे ४१४ क्लॉक. त्यातलेही थोडे मेमरी रिफ्रेशचा डीएमए (मेमरी ताजी ठेवण्यासाठी प्रोसेसरला अडवणारं काम) खातो. घट्ट बांधलेल्या असेंब्लीत हे बसतं, पण सेकंदाला १८.२ वेळा येणारा टायमरचा इंटरप्ट मधे आला की गणित कोलमडू शकतं. अशा वेळी ब्लॉक घेताना इंटरप्ट बंद करावे लागतात. बंद असताना टायमरचा एकच ठोका शिल्लक राहतो, बाकीचे वाया जातात आणि घड्याळ मागे पडतं. म्हणून 'इतका वेळ काही आलं नाही' हे बायोसच्या घड्याळावर मोजू नका, फेऱ्या मोजा. फ्लॉपीची मोटर बंद करणंही त्याच ठोक्यांवर असल्याने ती जरा जास्त वेळ फिरत राहिली तर घाबरू नका.

फाईलच घ्यायची असेल तर एक्समोडेम (फाईल ब्लॉक-ब्लॉकने पाठवण्याची पद्धत) वापरा. वॉर्ड क्रिस्टेन्सनने १९७७ मध्ये सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ते लिहिलं. पोलिंगसाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही. १२८ बाइटांचा ब्लॉक, पुढे-मागे धरून १३२ अक्षरं, ९६०० ला १३७.५ मिलिसेकंद. तेवढा वेळ फक्त पोर्टकडे बघा. ब्लॉक पूर्ण झाला की समोरचा तुमच्या होकाराची वाट बघत गप्प बसतो. पाहिजे तेवढा वेळ घेऊन फ्लॉपीवर लिहा आणि मगच होकार पाठवा, फक्त समोरच्याची टाइमआउटची मुदत सांभाळा. आरटीएसची तारही लागत नाही. फाईल लहान असेल तर ती मेमरीत पूर्ण घेऊन शेवटी एकदाच लिहा, मग तर प्रश्नच उरत नाही.

कार्डावर चिप सॉकेटमध्ये असेल तर ८२५० काढून त्या जागी १६५५०ए बसतं. त्यात १६ अक्षरांचा फिफो आहे, म्हणजे ९६०० ला १६ मिलिसेकंदांची उसंत, आणि पडदा सरकवण्याचं दुखणं आपोआप जातं. फ्लॉपीचं जात नाही. फिफो आपणहून चालू होत नाही, पत्ता अधिक २ वर ०७ लिहावं लागतं. नुसतं १६५५० घेऊ नका, सुरुवातीच्या त्या चिपचा फिफो सदोष होता, 'ए' हवाच.

हीच पद्धत दुसऱ्या जुन्या यंत्रावर नेणार असाल तर आरटीएस कसा वागतो ते आधी डेटाशीटमध्ये बघा. ॲपल २ च्या सुपर सीरियल कार्डावर ६५५१ चिप आहे. त्यात आरटीएस खाली केला की ट्रान्समीटरही बंद पडतो, म्हणून पाठवायचं अक्षर पूर्ण बाहेर पडल्याशिवाय आरटीएसला हात लावायचा नाही. झेड८० च्या एसआयओ या सीरियल चिपमध्ये उलट गंमत आहे: असिंक्रोनस मोडमध्ये बिट पुसला तरी ट्रान्समीटर रिकामा होईपर्यंत पिन हलतच नाही, म्हणजे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा उशिरा समोरच्याला कळतं. पण एसआयओकडे तीन अक्षरांचा फिफो आहे, तो तेवढा वेळ भरून काढतो. त्यातला ओव्हररनचा बिट वाचून पुसला जात नाही, एरर रीसेटची आज्ञा द्यावी लागते.

सगळं लिहून झालं की लॅपटॉपवर हजारभर ओळींची एक फाईल करा, प्रत्येक ओळीला क्रमांक आणि पुढे ७० अक्षरं. ती ९६०० ला पाठवा, पडदा सरकत ठेवा, फ्लॉपीवर लिहीत राहा. ओव्हररनची मोजणी शून्य यायला हवी आणि फाईल बाइटला बाइट जुळायला हवी. मग शांततेची वाट बघणं तेवढं तात्पुरतं बंद करून (नाहीतर तार सुटल्यावर शांतता येणारच नाही आणि प्रोग्रॅम फ्लॉपीकडे वळणारच नाही), बाकी सगळं तसंच ठेवून तुमच्या आरटीएसची तार सोडवा, समोरच्याचा सीटीएस त्याच्याच आरटीएसला जोडा आणि तीच फाईल पुन्हा पाठवा. आता फ्लॉपी लिहिताना अक्षरं जायला हवीत आणि ओव्हररनची मोजणी वाढायला हवी. वाढली नाही, तर पहिल्या वेळचं शून्यही खरं नव्हतं. चुकांचे बिट कुठे पुसले जातायत ते शोधा, आणि तेवढा भाग इथे लिहा, मी बघतो.